एक्सफोलिएटिंग आम्ले

एक्सफोलिएटिंग आम्ले : त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील मृत पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे बंध सैल करून त्या पेशी सुटून यायला मदत करणारी सेंद्रिय आम्ले. फेसवॉश, टोनर, सिरम, क्रीम तसेच त्वचारोगतज्ज्ञ करतात ते पील अशा रूपांत ती वापरली जातात. स्क्रबने त्वचा घासावी लागते. ही आम्ले न घासता तेच काम करतात. मुरूम, ब्लॅकहेड, काळे डाग आणि खडबडीत त्वचा यांवर त्यांचा उपयोग होतो.

इतिहास : विलोच्या सालीतील सॅलिसिनपासून इटालियन रसायनशास्त्रज्ञ राफाएले पिरिया यांनी १८३८ मध्ये सॅलिसिलिक आम्ल मिळवले. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ पाउल गेर्सोन उन्ना यांनी १८८२ मध्ये त्याच्या त्वचेवरील परिणामांचे वर्णन केले. अमेरिकेतील यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू यांनी १९७४ मध्ये अल्फा हायड्रॉक्सी आम्लांनी इक्थिओसिस या त्वचेवर खवले धरणाऱ्या विकारात गुण येतो, असे दाखवले. पुढे ही आम्ले सौंदर्यप्रसाधनांत रुळली.

प्रकार : ग्लायकॉलिक, लॅक्टिक आणि मँडेलिक ही अल्फा हायड्रॉक्सी आम्ले पाण्यात विरघळतात व मुख्यतः पृष्ठभागावर काम करतात. त्यांतील ग्लायकॉलिकचा रेणू सर्वांत लहान (रेणुभार ७६) असल्याने ते झपाट्याने आत जाते आणि चुरचुरतेही जास्त. मँडेलिकचा रेणुभार त्याच्या दुप्पट असून ते सावकाश मुरते. सॅलिसिलिक हे बीटा हायड्रॉक्सी आम्ल तेलात मिसळते. ग्लुकोनोलॅक्टोन व लॅक्टोबायोनिक ही पॉलिहायड्रॉक्सी आम्ले मोठ्या रेणूंची, ओलावा धरून ठेवणारी आणि सौम्य आहेत.

तीव्रता व पीएच : बाटलीवरची टक्केवारी निम्मीच माहिती देते. आम्लाचा मुक्त अंश मृत पेशींवर काम करतो आणि तो पीएचवर (आम्लतेच्या मापावर; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) अवलंबून असतो. ग्लायकॉलिक आम्लाचा सुमारे ८७ टक्के भाग पीएच ३ ला मुक्त असतो, पीएच ४.५ ला तो सुमारे १८ टक्क्यांवर येतो. म्हणून दोन बाटल्यांवर ‘१० टक्के’ असे सारखेच छापलेले असले, तरी एक भाजते आणि दुसरी जाणवतही नाही. अमेरिकेतील सौंदर्यप्रसाधन घटकांच्या तज्ज्ञ समितीने घरगुती वापरासाठी ग्लायकॉलिक व लॅक्टिक आम्लांची मर्यादा १० टक्के आणि पीएच किमान ३.५ अशी ठरवली आहे.

तेलकट त्वचा : सॅलिसिलिक आम्ल तेलाने भरलेल्या रंध्रांत उतरून तेथील गच्च बसलेला मळ सैल करते व सूजही कमी करते. मुरुमांसाठी ०.५ ते २ टक्के प्रमाण रूढ आहे. तैलग्रंथींचे काम मात्र ते बंद करत नाही. चेहरा कोरडा ठणठणीत व्हावा म्हणून दिवसातून अनेकदा लावल्यास साले निघतात, आग होते आणि मुरूम तसेच राहतात. आठवड्यातून दोन-तीनदा, रात्री, कोरड्या चेहऱ्यावर पातळ थर आणि त्यावर मॉइश्चरायझर एवढे सुरुवातीला पुरते.

संवेदनशील त्वचा : पॉलिहायड्रॉक्सी किंवा कमी तीव्रतेच्या लॅक्टिक आम्लाने, आठवड्यातून एकदाच सुरुवात करावी. आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. क्षणभर चुरचुरणे चालते. टिकून राहणारी जळजळ व लाली ही इजेची खूण आहे, आम्ल ‘लागू पडत’ असल्याची नव्हे. अशा वेळी चेहरा धुऊन वापर थांबवावा. रोझेशिया हा चेहरा लाल करणारा विकार असणाऱ्यांना डॉक्टर बहुधा ॲझेलाइक आम्ल देतात. त्वचा तेलकट आणि संवेदनशील अशी दोन्ही असू शकते. तेव्हा नियम संवेदनशील त्वचेचे पाळावेत.

दक्षता : अल्फा हायड्रॉक्सी आम्लांमुळे त्वचा उन्हाला हळवी होते आणि वापर थांबवल्यावरही हा परिणाम आठवडाभर राहू शकतो. त्यामुळे दिवसा सनस्क्रीन आवश्यक आहे. भारतीयांच्या सावळ्या व गव्हाळ त्वचेवर जळजळीनंतर काळे डाग पडण्याची शक्यता अधिक असते आणि ते महिनोन्‌महिने टिकतात. चेहऱ्यावर लिंबू चोळण्याची घरगुती पद्धत याच कारणाने सोडून द्यावी : लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास असतो आणि ऊन लागल्यावर त्याने फोडही येऊ शकतात. एकाच रात्री आम्ल आणि रेटिनॉइड (‘अ’ जीवनसत्त्वाच्या गटातील त्वचेचे औषध) लावू नये. फुटलेल्या, सोललेल्या किंवा स्टेरॉइडच्या मलमाने नाजूक झालेल्या त्वचेवर आम्ल वापरू नये. ॲस्पिरीनची ॲलर्जी असणाऱ्यांनी सॅलिसिलिक टाळावे. गरोदरपणात डॉक्टरांना विचारावे. तीव्र पील घरी करू नयेत. ते त्वचारोगतज्ज्ञांचेच काम आहे. एका वेळी एकच आम्ल, कमी तीव्रतेचे आणि बेताने वापरलेले, हीच सर्वांत सुरक्षित रीत होय.