पिटातला जाझ

आधी चप्पल सांभाळा. तिकिटाच्या खिडकीपाशी अशी रेटारेटी आहे, की कोल्हापुरीचा अंगठा तुटला तर खाली वाकायलाही जागा नाही. १९५१ साली निघालेला भगवानदादांचा ‘अलबेला’ गावात लागलाय. मुठीतली नाणी घामानं चिकट झालीत. मागचा गडी तुमच्या खांद्यावर चढून खिडकीत हात घालतोय. घालू द्या. तालमीतला आहे, अंगाला अजून तांबड्या मातीचा वास येतोय.

आत चौघांच्या बाकावर तुम्ही सहावे. बिडीचा धूर, पायाखाली शेंगांची टरफलं, शेजारच्या डोक्यावर थापलेलं खोबरेल. पंखे आहेत, वारा वर बाल्कनीत जातो.

आणि ट्रम्पेट कडाडतो!

पिट उठतं. शिट्ट्या, आरोळ्या, कानाशेजारून सूं करत पडद्याकडे गेलेला एक पैसा. भगवानदादा पाऊल हलकंच टाकतात, पण खाली बाकं हादरतात. तुमचा पायही हलतोय, बघा.

‘‘आरं, तुतारी हाय का काय ही?’’ शेजारी ओरडून विचारतो.

सांगा त्याला. फुंकणाऱ्याला चिक चॉकलेट म्हणतात. तो हसेल, हसू द्या. खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणे. तिकडची पोरं चर्चच्या शाळेत नोटेशन वाचायला शिकतात आणि मुंबईच्या हॉटेलांत पोट भरतात. हा तर न्यू ऑर्लीन्सच्या लुई आर्मस्ट्राँगचा इतका भक्त, की लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँगच म्हणतात. रात्री ‘ताज’मध्ये साहेब-शेठांना नाचवतो, दिवसा पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांना चाली सजवायला मदत करतो. ‘ताज’च्या त्या हॉलच्या दारात तुम्हाला या धोतरावर कोण उभं करणार? इथं मात्र काही आण्यांत तोच वाजवतोय, आणि दाद देणारे तिथल्यांपेक्षा कितीतरी मोकळे. याला जाझ म्हणतात हे इथं कुणाच्या गावीही नाही. काही अडलंय का?

पुढच्या बाकावरचा तो किडकिडीत माणूस पाहिलात? पडद्याकडे बघतच नाही. डोळे मिटून गुडघ्यावर बोटं चालवतोय. लग्नाच्या बँडातला क्लॅरिनेटवाला आहे. त्याला नोटेशन कुणी शिकवलेलं नाही. जे न्यायचं ते कानातून. ‘वन्स मोअर’चा गिल्ला सुरू झालाय, तुम्हीही ओरडा, पण त्याला धक्का लावू नका. परवा दोन लग्नं आहेत आणि त्याचा अंतरा अजून बसलेला नाही.