नाकेबंदी अमेरिकेत, तेजी मुंबईत, आणि मध्ये एक ‘मुळे’

संशोधनाच्या प्रपोजलमध्ये सगळ्यात धोकादायक शब्द कुठला, तर ‘मुळे’. अमक्यामुळे तमकं झालं, असं आपण एका ओळीत लिहून मोकळे होतो. मी मूळची सायन्सची, त्यामुळे इतिहास वाचतानाही मला हा शब्द टोचतो. आज त्यासाठी आपल्या मुंबईचंच उदाहरण घेऊ.

नाकेबंदी म्हणजे काय? शत्रूच्या बंदरांसमोर लढाऊ जहाजं उभी करायची आणि माल आत-बाहेर जाऊ द्यायचा नाही. शहर जिंकायचं नाही, कमाई थांबवायची. १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्याने अट घातली होती की नुसती कागदावरची नाकेबंदी चालणार नाही, ती राखण्याइतकं बळ तिथे प्रत्यक्ष असलं पाहिजे.

१९ एप्रिल १८६१ ला लिंकन यांनी दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. दक्षिणेकडे विकायला मुख्य माल एकच, कापूस. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेतून यायचा. तो अडवला की दक्षिणेला बंदुका घ्यायला पैसा उरणार नाही, असा सरळ हिशोब होता.

पुढचं तुम्ही वाचलेलं असेल. लिव्हरपूलला अमेरिकन कापसाचा भाव १८६० मध्ये पौंडाला सुमारे ६ पेन्स होता, तो १८६४ मध्ये २७ पेन्सच्या आसपास गेला. व्यापारी हिंदुस्थानकडे वळले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. बँका निघाल्या, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात पोचला. एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण आले, भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ ला वायद्याचे सौदे पुरे करायची वेळ आली तेव्हा देणारे हात रिकामे होते. सट्ट्याचे बादशहा प्रेमचंद रायचंद बुडाले. फोर्टमधला राजाबाई टॉवर त्यांनी तेजीच्या काळात दिलेल्या देणगीतून उभा आहे. वाकोल्यातून कलिना कॅम्पसला चालत जाणाऱ्या आमच्यासारख्यांच्या डिग्रीवर त्याच विद्यापीठाचा शिक्का असतो.

आता या गोष्टीतले ‘मुळे’ तपासू.

पहिला: कापूस नाकेबंदीमुळे थांबला? सुरुवातीला उत्तरेकडे एवढा किनारा राखायला पुरेशी जहाजंच नव्हती. पण दक्षिणेनेच कापूस रोखून धरला, म्हणजे इंग्लंड गरजेपोटी आपल्या बाजूने उतरेल. त्यात आधीच्या वर्षांची पिकं मोठी होती, लिव्हरपूलची गोदामं भरलेली होती. म्हणून खरी टंचाई जाणवली ती १८६२ मध्ये. एकाच परिणामामागे दोन कारणं, आणि मध्ये साठ्यामुळे झालेला उशीर.

दुसरा: ब्रिटनच्या कापसात हिंदुस्थानचा वाटा १८६० मध्ये १६ टक्के होता, १८६२ मध्ये ७५ टक्के झाला. म्हणजे आपला माल जवळपास पाचपट गेला का? नाही. गाठी साधारण दुपटीच्या आसपास वाढल्या. बाकीची उडी छेदामुळे आहे, कारण ब्रिटनची एकूण आयातच घटली होती. टक्केवारी दिसली की आधी छेद बघा.

तिसरा ‘मुळे’ सगळ्यात महत्त्वाचा. तेजीचा पैसा मुंबईच्या निर्यातदाराकडून शहरातल्या सावकाराकडे, तिथून गावच्या सावकाराकडे आणि मग आगाऊ कर्ज म्हणून शेतकऱ्याकडे जायचा. भाव पडल्यावर ही साखळी उलटी फिरली, उधारी बंद झाली आणि वसुली सुरू झाली. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जाचे कागद जाळले. पाठ्यपुस्तकात ही सगळी साखळी एका दमात येते.

पण थांबा. मध्ये दहा वर्षं गेली आहेत. कापसाचे मोठे मुलूख खानदेश आणि वऱ्हाड, तर दंगे झाले पुणे आणि नगरकडे. त्याच काळात बोरघाटाच्या रेल्वेच्या कामाची मजुरीही या भागात येत होती, ती लाइन १८६३ मध्ये पुरी झाली. आणि १८६० च्या दशकाच्या शेवटी फेरआकारणीत शेतसारा बऱ्याच ठिकाणी ५० ते १०० टक्क्यांनी वाढला.

दंग्यांच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला. साऱ्याची मागणी हे कारण आहे का, हे बघायचं काम त्याच्याकडे होतं. उत्तर आलं: नाही, दोष सावकाराचा. सारा वसूल करणाऱ्या सरकारनेच नेमलेल्या आयोगाचं हे उत्तर आहे. म्हणून तो अहवाल वाचताना माहिती घ्या, निष्कर्ष तपासा.

मग प्रश्न कसा मांडायचा? ‘अमेरिकेच्या युद्धामुळे दख्खनचे दंगे झाले का’ असा मांडू नका, त्याला हो-नाहीच्या पुढे उत्तर नाही. ‘जिथे कापूस जास्त होता आणि जिथे सारा जास्त वाढला, त्या दोन प्रकारच्या तालुक्यांत कर्ज कसं बदललं’ असं विचारा. इथे तुलना करता येते आणि तुमचं म्हणणं चूकही ठरू शकतं.

हा कीस काढायचा, कारण सगळं खापर लांबच्या नाकेबंदीवर फोडलं की सारा वाढवणारा अधिकारी अलगद सुटतो. तुमच्या प्रपोजलमधले सगळे ‘मुळे’ आज अधोरेखित करा, आणि प्रत्येकाशेजारी लिहा: दुसरं काय कारण असू शकतं?