एक उदगीर, तीन जिल्हे

माझे वालिद उदगीरचे. जन्म 1949 चा. शिक्षण, दुकान, लग्न, म्हातारपण सारे उदगीरातच गेले. तरी त्यांच्या कागदपत्रांवर तीन जिल्हे आहेत. प्राथमिक शाळेच्या दाखल्यावर उर्दूत जिल्हा बीदर, मॅट्रिकच्या कागदावर उस्मानाबाद आणि रेशनकार्डावर लातूर. काही वर्षांपूर्वी एका कामासाठी तो जुना दाखला घेऊन आम्ही एका कचेरीत गेलो. कारकुनाने तो परत सरकवला. म्हणाला, “बीदर कर्नाटकात येतं. तिकडूनच आणा.” अब्बा तिथे काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, “बेटा, मी तर जागचा हललोसुद्धा नाही!”

अब्बा खरेच हलले नव्हते. जिल्हा हलला होता.

‘जिल्हा’ हा शब्द अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ बरगडी किंवा बाजू. ‘तालुका’ हा ‘तआल्लुक’चा, म्हणजे संबंधाचा भाऊबंद. ‘तहसील’ म्हणजे गोळा करणे. ‘महसूल’ त्याच धातूचा. शब्दांवरूनच कळते, की ही विभागणी मुळात वसुलीच्या सोयीची होती. मोगलांच्या काळात सुभा, सरकार आणि परगणा अशी उतरंड होती. निजामाच्या राज्यात पुढे वसुली मक्त्याने दिली जाऊ लागली. मक्तेदार रयतेला पिळून काढी. सालारजंग पहिले यांनी ही पद्धत मोडून 1865 मध्ये ‘जिलाबंदी’ केली. जिल्ह्यावर पगारी अधिकारी आला. त्याला अव्वल तालुकदार म्हणत; आजच्या भाषेत कलेक्टर. तालुक्याला तहसीलदार आला, तो आजही आहे. मात्र जहागिरींचा कारभार वेगळाच चालत राहिला. त्या 1949 मध्ये रद्द झाल्या.

उदगीर तेव्हा बीदर जिल्ह्यात होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार राज्यरचना झाली आणि हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. बीदर जिल्ह्याचेही तीन तुकडे पडले. खुद्द बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले. नारायणखेड आणि जहिराबादचा बहुतेक भाग आंध्र प्रदेशात गेला. अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मराठी म्हणून मुंबई राज्यात आले आणि उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. म्हणजे वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत अब्बांची घरबसल्या तीन राज्ये झाली!

भाषेचा न्याय योग्यच होता. पण जवळचे बीदर परराज्य झाले आणि लांबचे उस्मानाबाद आपले झाले. कलेक्टर कचेरीला जायचे तर लातूर ओलांडून पुढे जावे लागे. एका सहीसाठी गरिबाचा दिवस आणि मजुरी दोन्ही बुडत. हा त्रास 1982 मध्ये लातूर जिल्हा झाला तेव्हा कमी झाला. त्याआधी 1981 मध्ये जालना वेगळा झाला होता, पुढे 1999 मध्ये परभणीतून हिंगोली निघाला. 1956 साली पाच जिल्ह्यांचा असलेला मराठवाडा असा आठ जिल्ह्यांचा झाला. उदगीर तालुक्यातूनही देवणी, जळकोट वेगळे झाले, आणि आता उदगीरच जिल्हा व्हावा ही मागणीही जुनी झाली आहे. 2023 मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. म्हणजे अब्बांच्या मॅट्रिकच्या कागदावरचा जिल्हाही आता नव्याने समजावून सांगावा लागणार.

नकाशा बदलू नये असे माझे म्हणणे नाही. कचेरी माणसाच्या जवळ यायलाच हवी. पण नकाशा बदलला की जुना कागद खोटा ठरत नाही, आणि कागदावरचा माणूस परका होत नाही. कारकुनाला 1956 ठाऊक नव्हते, ही चूक माझ्या वालिदांची नव्हती.

2023 मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा निजामकाळचे दप्तर पुन्हा उघडले. त्यात मोडी होती, उर्दूही होती. त्या दिवसांत आमच्या शेजारचे एक शेतकरी काका आजोबांचा पिवळा पडलेला कागद घेऊन माझ्याकडे आले. मी उर्दू वाचत गेलो, ते मराठीत लिहून घेत गेले. गावाचे नाव आले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. ती लिपी केवळ माझ्या मुलांच्या शाळेची नाही, या मातीतल्या सगळ्यांच्या घराण्यांची साक्ष तिच्यात आहे, हे त्या दिवशी आम्हा दोघांनाही पटले.

म्हणून माझी विनंती एवढीच, की घरातल्या पेटीतले जुने कागद फेकू नका. त्यांच्या नकला काढा, उर्दूतला मजकूर मराठीत उतरवून ठेवा आणि गावाचा तेव्हाचा व आताचा जिल्हा सालासह लिहून ठेवा. मी हे काम आमच्या घरापासून सुरू केले आहे. अब्बांच्या दाखल्याच्या नकलेमागे लिहिले आहे: उदगीर, 1956 पर्यंत बीदर, 1982 पर्यंत उस्मानाबाद, त्यानंतर लातूर. मुक्काम तोच.