जेत्यांचे शब्द

राज्यें लयास जातात, परंतु त्यांचे शब्द मागें राहतात. इंग्रजी भाषा हें याचें बोलकें उदाहरण होय.

इ. स. १०६६ मध्यें नॉर्मंडीच्या विल्यमनें हेस्टिंग्जच्या रणांगणावर हॅरॉल्ड राजाचा पराभव केला आणि पुढें सुमारें तीन शतकें इंग्लंडांतील दरबाराची व सरदारांची भाषा फ्रेंच होऊन बसली. इंग्रजी शेतकऱ्याच्या झोपडींत राहिली. कोणाच्या हातीं काय होतें, हें शब्दांवरून अद्यापि वाचतां येतें. कोर्ट, जज्ज, ज्यूरी, पार्लमेंट हे शब्द फ्रेंचांतून आले. घर, पाणी, भाकरी यांची इंग्रजी नांवें देशीच राहिलीं. आईबाप व भाऊबहीण देशी, परंतु 'अंकल', 'आंट' व 'कझिन' मात्र फ्रेंच! मेंढी रानांत 'शीप', ताटांत 'मटन'. अशा जोड्यांवर सर वॉल्टर स्कॉट यानें 'आयव्हॅन्हो' (१८१९) या कादंबरींत एका विदूषकाकडून मार्मिक भाष्य करविलें आहे. तथापि हा भेद काटेकोर झाला तो बराच नंतर. आपल्याकडे दंग्याच्या दिवसांत कानीं पडणारा 'कर्फ्यू' म्हणजे मूळचा, रात्रीं घंटा होतांच विस्तव झांकण्याचा हुकूम. आणि अर्थमंत्र्यांचें 'बजेट' म्हणजे चामड्याची लहानशी पिशवी.

इ. स. १२०४ मध्यें नॉर्मंडी हातची गेली आणि फ्रेंचचें मूळ सैल झालें. फ्रेंच लोकांस समजत नाहीं, म्हणून न्यायालयांतील वाद इंग्रजींत चालावा, असा कायदा १३६२ सालीं झाला. मौज ही कीं, तो कायदाच फ्रेंचमध्यें लिहिलेला आहे! पाठशाळांतील मुलें फ्रेंच सोडून इंग्रजींतून शिकूं लागल्याची नोंद १३८५ सालीं जॉन ट्रेव्हिसा यानें केली आहे. त्यानंतरही फ्रेंच शब्द येतच राहिले, परंतु ते तरवारीच्या जोरावर नव्हे, तर शिष्टाचाराच्या व पाककलेच्या ओढीनें. 'चीफ' आणि 'शेफ' हे मूळचे एकच. पहिला मध्ययुगांत आला, दुसरा एकोणिसाव्या शतकांत स्वयंपाकघराच्या वाटेनें.

इतके शब्द घेऊनही इंग्रजीची क्रियापदें, अव्ययें व वाक्याची ठेवण बहुतांशीं तिचीच राहिली. मराठीचा अनुभव निराळा नाहीं. शिवछत्रपतींनीं राज्यव्यवहारकोश रचविला, तरी अर्ज, वकील, सरकार हे शब्द आपणांत नांदतच आहेत, आणि त्यांनीं मराठीचें कांहीं बिघडलें नाहीं.

म्हणून उसन्या शब्दांचें भय आम्हांस वाटत नाहीं. इंग्रजीनें दरबार गमावला, पाठशाळा गमावली, परंतु घर राखलें. त्या बळावर तिला गेलेलें सर्व परत मिळालें. आज आपलीं मुलें इंग्रजी शाळेंत जातात, तें एक वेळ असो. परंतु सायंकाळीं घरीं आल्यावर त्यांच्याशीं आपण कोणत्या भाषेंत बोलतों, याचा विचार प्रत्येक कुटुंबानें करावयास हवा.