क्षेत्र-सरासरी (पीक विमा)

एखाद्या शेतकऱ्याचे नुकसान त्याच्या शेतात न मोजता, त्याच्या ठरावीक क्षेत्रातील (महाराष्ट्रात महसूल मंडळातील) त्या पिकाच्या सरासरी उत्पन्नावरून ठरविण्याची पद्धत. भारतात तिची भक्कम मांडणी अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर (1920–95) यांनी 1976 मध्ये केली. त्याआधी, 1972 पासून, गुजरातेत एच-4 कापसासाठी शेतागणिक विमा देऊन पाहिला होता; तो आतबट्ट्याचा ठरला. कारण लहान शेतकऱ्याच्या मागील उत्पन्नाची नोंद नसते, आणि पीक दुष्काळामुळे बुडाले की हयगयीने, हे ठरवता येत नाही. सरासरी धरली तर मेहनतीने चांगले पिकवणाऱ्याचेही नुकसान होत नाही, हा दांडेकरांचा युक्तिवाद आजही खोडता येत नाही. 1985 ची सर्वंकष पीक विमा योजना याच पायावर उभी होती आणि 2016 ची प्रधानमंत्री पीक विमा योजनाही याच पायावर उभी आहे.

मंडळात चिठ्ठी टाकल्यागत निवडलेल्या शेतांत पीक कापणी प्रयोग होतात, पिकामागे किमान 10. मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीचे (महाराष्ट्रात) 70 टक्के म्हणजे उंबरठा उत्पन्न. समजा, ते हेक्टरी 1,000 किलो आहे आणि मंडळाची सरासरी 900 आली; तर साऱ्या विमाधारकांना विमा रकमेच्या 10 टक्के मिळतात, ज्याच्या शेतात 200 किलोच निघाले त्यालाही. सरासरी 1,010 आली, तर त्याला काहीच नाही.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात सरासरी आणि प्रत्यक्ष शेत यांतली ही फट मोठी आहे. अकोले तालुक्यातील घाटघर-रतनवाडीत हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, तर पाथर्डी, कर्जत पर्जन्यछायेत. जिल्ह्याच्या सरासरीला म्हणूनच फारसा अर्थ नाही. मंडळ त्याहून बरे. पण एकाच मंडळात काळी आणि मुरमाड जमीन असते, विहिरीला पाणी असलेला बागायतदार आणि निव्वळ आभाळावर बाजरी पेरणारा कोरडवाहू शेतकरी असतो. दहा प्रयोग मंडळाचा अंदाज देतात, एका गटाचा नव्हे. दांडेकरांची अटच मुळी अशी होती की क्षेत्र एकजिनसी असावे. ती अट मागे पडली.

सरासरीला एक अपवाद होता: गारपीट, काढणीनंतरचा पाऊस अशा आपत्तींत 72 तासांत कळवल्यास शेतावर पंचनामा होई. 2025 च्या खरिपापासून महाराष्ट्राने हे वैयक्तिक दावे वगळून भरपाई केवळ कापणी प्रयोगांवर ठेवली. पद्धत चुकीची नाही, एकक चुकीचे आहे: खर्च वाढला तरी कोरडवाहू पिकांसाठी ते गावपातळीवर आणायलाच हवे.