जेन्ने-जेनो येथील मृण्मूर्ती : विधी, स्थान आणि इतिहासलेखन

प्रस्तावना :
पश्चिम आफ्रिकेच्या प्राचीन इतिहासाची लिखित साधने अल्प आहेत. अरबी प्रवासी व भूगोलकारांचे उल्लेख आठव्या शतकानंतरचे असून त्यांत राजे व व्यापार यांचीच माहिती अधिक आढळते. सामान्य लोकांच्या धर्मजीवनाच्या अभ्यासासाठी म्हणूनच पुरातत्त्वीय साधनांकडे वळावे लागते. माली देशात, नायजर नदीच्या अंतर्देशीय त्रिभुज प्रदेशात सापडलेल्या भाजक्या मातीच्या मूर्ती हे असेच एक साधन होय. त्या कोठे व कशा सापडल्या, यावरच त्यांचा अर्थ अवलंबून आहे, हे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

उत्खनन व मूर्तींचे स्वरूप :
जेन्ने शहराच्या आग्नेयेस सुमारे ३ किलोमीटर अंतरावर जेन्ने-जेनो हे टेकाड आहे. रॉडरिक व सुझन मॅकिंटॉश यांनी १९७७ व १९८१ मध्ये तेथे शास्त्रीय उत्खनन केले. इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून सुमारे इ.स. १४०० पर्यंत तेथे वस्ती होती, हे त्यातून सिद्ध झाले.

या प्रदेशातील मूर्तींमध्ये गुडघे टेकून बसलेले स्त्री-पुरुष, अंगावर सर्प किंवा फोड असलेल्या आकृती आणि घोडेस्वार आढळतात. उत्खननात मिळालेल्या मोजक्या मूर्ती घरांच्या अवशेषांत सापडल्या. त्यावरून त्यांचा संबंध गृहविधींशी, कदाचित पूर्वजपूजेशी असावा, असे अनुमान करता येते.

लूट व तिचे परिणाम :
जगभरातील संग्रहांत असलेल्या बहुसंख्य मूर्ती मात्र चोरट्या खोदकामातून आलेल्या आहेत. तापदीप्ती पद्धतीने मूर्ती केव्हा भाजली हे कळते. ती उंबऱ्याजवळ होती की थडग्यात, हे कळत नाही. फोडांनी भरलेली आकृती रोगमुक्तीसाठी केलेला नवस आहे की दैवी कोपाचे चिन्ह, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतो. शिवाय जुन्या तुकड्यांना नवे भाग जोडून केलेल्या बनावट मूर्तींमुळे शैलीचा अभ्यासही संशयास्पद ठरतो.

मालीने १९८५ मध्ये सांस्कृतिक वस्तूंच्या निर्यातीवर कायद्याने नियंत्रण आणले. अमेरिकेने १९९३ मध्ये या प्रदेशातील पुरावस्तूंच्या आयातीवर निर्बंध घातले. तथापि, एकदा उपसलेला स्तर कोणताही कायदा पूर्ववत करू शकत नाही.

निष्कर्ष :
विधीतील मूर्ती ही केवळ कलावस्तू नसून एका कृतीचा अवशेष असते. ती परत मिळविता येते. परंतु तिचे हरवलेले स्थान परत मिळत नाही. म्हणून कलेच्या इतिहासकाराने मूर्तीच्या सौंदर्याइतकेच तिच्या प्राप्तिस्थळाच्या नोंदीलाही महत्त्व दिले पाहिजे.