ई-मेल : स्क्रिप्टमधून सुरक्षित प्रेषण

स्क्रिप्ट म्हणजे संगणकाने क्रमाने पार पाडावयाच्या आज्ञांची फाइल. तिच्यातून ‘सेंडमेल’सारख्या प्रणाली-आज्ञेकडे पत्र सोपविण्याची रीत युनिक्स परंपरेतील आहे. एरिक ऑलमन यांनी बर्कली येथे लिहिलेला सेंडमेल १९८३ मध्ये बीएसडी युनिक्सबरोबर वितरित झाला आणि पुढे पोस्टफिक्स, एक्झिम या टपाल-प्रणालींनीही त्याच नावाची आज्ञा ठेवल्यामुळे जुन्या स्क्रिप्ट आजही चालतात. शाहूवाडीसारख्या अतिपावसाच्या डोंगरी तालुक्यातील सकाळी ८.३० पर्यंतच्या २४ तासांचा पाऊस रोज कोल्हापूरला आपोआप कळवायचा असल्यास अशी छोटी स्क्रिप्ट पुरेशी होते.

धोका असतो तो शेलमध्ये, म्हणजे आज्ञेची ओळ वाचून तिचा अर्थ लावणाऱ्या मध्यस्थात. बाहेरून आलेला पत्ता किंवा विषय त्या ओळीत जसाच्या तसा जोडला, तर त्यातील अर्धविराम किंवा उभी रेघ ही शेलला आज्ञेचीच खूण वाटते आणि पत्त्याच्या जागी दडवलेली आज्ञा चालून जाते. अशी चिन्हे निष्प्रभ करण्याचा उपाय लोकप्रिय असला, तरी भरवशाचा नाही. पीएचपी भाषेतून पत्रे धाडणाऱ्या पीएचपीमेलर या लायब्ररीत प्रेषकाच्या पत्त्यावाटे सेंडमेलला परके पर्याय देता येतात, हे डिसेंबर २०१६ मध्ये उघड झाले. त्यावरची पहिली दुरुस्ती पीएचपीच्या अंगभूत संरक्षणाशीच विसंगत ठरली आणि काही दिवसांत दुसरी करावी लागली.

म्हणून शेल वगळून आज्ञा व तिचे घटक सुटे देणे, आणि पत्ते पत्राच्या शीर्षभागात लिहून ‘टी’ या पर्यायाने सेंडमेलला ते तेथूनच वाचू देणे, हे श्रेयस्कर. मात्र शीर्षभागात जाणाऱ्या मूल्यात नवी ओळ आढळल्यास ते नाकारावे लागते, कारण तिच्या आडून गुप्त प्रतीचे पत्ते घुसविता येतात. ‘आय’ हा पर्यायही विसरू नये : तो नसल्यास केवळ एक टिंब असलेली ओळ पत्राचा शेवट मानली जाते आणि पावसाच्या तक्त्याचा उरलेला भाग गळतो. पत्र धाडण्यासाठी पासवर्ड लागत असेल, तर तो आज्ञेच्या ओळीत लिहिल्यास चालू प्रक्रियांच्या यादीत इतरांना दिसू शकतो. तो मालकालाच वाचता येणाऱ्या फाइलीत ठेवतात.

आज्ञेने परत दिलेला शून्य हा संकेत पत्र स्थानिक प्रणालीने स्वीकारल्याचा असतो, पोहोचल्याचा नव्हे. पावसात जोडणी तुटल्यास ते रांगेत थांबते आणि पुन्हापुन्हा धाडले जाते, त्यामुळे रांग व नोंदवही तपासणे हा प्रेषणाचाच भाग ठरतो.